खेळाडूंच्या रकान्यातलं नाव

दिल्लीत राहून मी बरीच मोठी माणसं जवळून पाहिली, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका उंच बास्केटबॉल खेळाडू अजून पाहिलेला नाही. काकांची उंची पाच फूट दोन इंच. तीही सकाळची. संध्याकाळची मी आपली शपथेवर सांगणार नाही. पण टीव्हीच्या पडद्यावर ते सहा फूट अकरा इंच होते. त्या व्हिडिओ गेममध्ये म्हणे आपला खेळाडू आपणच घडवायचा असतो. काकांनी त्याला स्वतःचं नाव दिलं, स्वतःची पांढरी मिशी दिली, जाड भिंगांचा चष्मा दिला, आणि विचारणारं कोणी नसतानाही अगदी प्रामाणिकपणे टक्कल दिलं. सवलत घेतली ती फक्त उंचीची. "एवढी एक रजा मंजूर करून घेतली," असं ते म्हणायचे, आणि ते म्हणताना मात्र हसायचे नाहीत.

काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या नोएडाच्या सोसायटीत राहायला आले. नोकरी त्यांनी फायलींत केली, पण जीव होता बास्केटबॉलमध्ये. कॉलेजात असताना ते निवड चाचणीला गेले, तर मास्तरांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि ते अंतर फार नसल्यामुळे लगेच निर्णय घेतला. म्हणाले, "तू लिख." चेंडूऐवजी हातात कागद आला तो कायमचाच. मंत्रालयांच्या आपापसातल्या स्पर्धा व्हायच्या, तिथे बत्तीस वर्षं गुणलेखक काकाच. पहिला आणि तिसरा डाव लाल शाईने, दुसरा आणि चौथा निळ्या शाईने, प्रत्येक बास्केटला आकड्यावर एक तिरकी रेघ. एकदा चहा घेताना ते मला म्हणाले, "बत्तीस फायनलचे कागद लिहिले मी. सगळ्या खेळाडूंची नावं माझ्या अक्षरात. एकदा त्या रकान्यात आपलं नाव यावं, बस. जिंकायचंच असं नाही. म्हणजे, जिंकलो तर बिल्कुल चालेल." मला तेव्हा हसू आलं होतं. त्याची आता लाज वाटते.

तर निवृत्तीनंतर त्यांनी तो गेम आणला आणि ऑफिसला जावं तसं खेळायला लागले. सकाळी अंघोळ, देवपूजा, इस्त्रीचा शर्ट, मग बरोबर साडेसातला शंभर फ्री थ्रो. शंभरावा पडला की आनंदाने पाय आपटायचे, आणि खाली आमच्या पंख्यावरची धूळ थेट माझ्या चहात. मी तक्रार करायला वर गेले की काकू दार उघडून तोंडावर बोट ठेवायच्या. काकू आत त्यांच्याशेजारी मांडीवर पॅड आणि हातात दोन पेनं घेऊन बसलेल्या असायच्या. काकांचे दोन्ही हात खेळण्यात अडकलेले, आणि लिहिल्याशिवाय सामना झाला हे त्यांना पटेना, म्हणून बायकोलाच गुणलेखक केलेलं. हा माणूस शिकवायला कडक. रेघ सरळ आली की करवादायचा, "तिरकी, अगं तिरकी!" काकूंनी चाळीस वर्षांच्या संसारात एवढी बोलणी कधी खाल्ली नसतील, पण महिन्याभरात त्यांचा कागद छापल्यासारखा दिसायला लागला.

सुरुवातीला काका सपाटून हरायचे. त्याचं कारण काकूंनीच शोधलं. काका संघ निवडत तो ज्येष्ठतेप्रमाणे. ज्याची नोकरी जास्त, तो आधी मैदानात. चपळ पोरं बाकावर आणि एक दाढीवाला सेंटर मैदानाच्या मध्यात कमरेवर हात ठेवून धापा टाकतोय. "अहो, तो म्हातारा पळतच नाहीये," काकू म्हणाल्या. "सिनिऑरिटी आहे त्याची," काका म्हणाले. "सुपरसीड करायचं म्हणजे तो कोर्टात जाईल." तीन महिने काकांनी हा मुद्दा विचाराधीन ठेवला आणि शेवटी त्या सेंटरला निवृत्त केलं; पण असंच नाही. रीतसर फेअरवेल केली. आम्हा शेजाऱ्यांना बोलावलं, समोसे आणले, टीव्हीला हार घातला, आणि त्या पडद्यावरच्या दाढीवाल्याच्या सेवेबद्दल चार शब्द बोलले. मी दोन समोसे खाल्ले आणि टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून काका जिंकायला लागले.

आणि खरोखरच उत्तम खेळायला लागले. बास्केटसाठी बटण नेमक्या क्षणी सोडावं लागतं, त्याचं इंगित त्यांना जुन्या डिस्पॅच सेक्शनमध्ये सापडलं. "शिक्का मारायचा तसंच आहे. लवकर उचललास तर पुसट, रेंगाळलीस तर फराटा." एक सवय तेवढी सुटली नाही. आपल्या खेळाडूकडून फाउल झाला की ते उजवा हात उंच वर करायचे. त्यांच्या काळात तशी रीत होती म्हणे, ज्याने केला त्याने कबूल करायचा. हात वर गेला की बटणं सुटायची आणि समोरचा निवांत बास्केट करून जायचा. "हात खाली ठेवा, गोल झाला!" काकू ओरडायच्या. "गोल नाही, बास्केट," काका हात वरच ठेवून म्हणायचे.

मागच्या हिवाळ्यात गुरुग्रामच्या एका मॉलमध्ये स्पर्धा होती. मी सोबत गेले. नावनोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "अंकल, बच्चे का नाम?" काका म्हणाले, "बच्चा मैं ही हूँ." मग तिथली पोरं हसली, पण दोन सामने झाल्यावर त्यांचं हसणं थांबलं आणि ती काकांच्या खुर्चीमागे उभी राहायला लागली. काका उपांत्य फेरीत पोचले. समोर एक कॉलेजातली मुलगी होती, गोड, तुरतुरीत, आणि नेमकी पानिपतची. ते ऐकून काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

सामना विलक्षण रंगला. कधी ती पुढे, कधी काका पुढे. शेजारी काकूंचं निळं पेन सपासप चाललेलं. आणि शेवटचे तीन सेकंद उरलेले असताना वीज गेली. क्षणभरच, मॉलचा जनरेटर लगेच सुरू झाला, पण गेम बंद पडून पुन्हा पहिल्या पानावर आला. गुण कुठेच नाहीत. आयोजक दोन मुलं, दोघं दोन आकडे सांगायला लागली. ती मुलगीही गोंधळली. म्हणाली, "शायद अंकल आगे थे?" शेवटी आयोजक म्हणाले, कोणाला खात्री नसेल तर सामना पुन्हा पहिल्यापासून खेळू. मग एकाची नजर काकूंच्या पॅडवर गेली. "आंटी, आपने लिखा है?"

काकूंनी पॅड छातीशी धरलं. "मेरा चश्मा नहीं मिल रहा," त्या म्हणाल्या. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. मला दिसत होता, काकांनाही दिसत होता. काका त्यांच्याकडे पाहत राहिले. मी मनात म्हणत होते, काका, राहू द्या, पुन्हा खेळा, तुम्ही जिंकाल, फायनल आहे समोर. काकांनी हळूच ते पॅड काकूंच्या हातातून सोडवलं, शेवटच्या तिरक्या रेघेवर बोट ठेवलं आणि वाचलं. ती मुलगी चार गुणांनी पुढे होती. तीन सेकंदांत चार गुण होत नाहीत. काकांनी उजवा हात सरळ वर केला.

कागद पाहून आयोजक पोरं थक्क झाली. एवढं देखणं गुणपत्रक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. एकजण पुढे येऊन आदराने म्हणाला, "अंकल, फाइनल का स्कोर आप लिख देंगे?" काकांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला. "नहीं बेटा," ते म्हणाले. "आज मैं खिलाड़ी हूँ. ये लिखेंगी." काकूंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि टेबलाशी जाऊन बसल्या. काका हरलेल्या खेळाडूंच्या बाकावर पोरांमध्ये बसून पॉपकॉर्न खात होते. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

दिल्लीची हवा काकूंच्या छातीला मानवेना, म्हणून या उन्हाळ्यात दोघं नागपूरला गेले. वरच्या घरात आता शांत माणसं आली आहेत. साडेसातला चहाचा कप घेऊन मी उगाच वर बघते. चहात काही पडत नाही, आणि तो पूर्वीसारखा लागतही नाही. जायच्या आदल्या दिवशी काकांनी मला तो उपांत्य फेरीचा कागद दाखवला होता. काकूंच्या वळणदार अक्षरात खेळाडूंच्या रकान्यात त्यांचं नाव होतं, पुढे जर्सीचा नंबर, त्यापुढे तीन फाउल, तिन्ही कबूल केलेले. मी सगळा कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यात उंचीचा रकाना कुठेच नव्हता.