आक्कांचं कडू औषध

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी माहेरी, मलकापुरात, भाचीच्या हळदीला गेले होते. थोरली जाऊ गेली म्हटल्यावर डोळ्यांना पदर लावला. पण खरं सांगते, पदराआड पहिला विचार आला तो असा, की बाई याही बाबतीत पुढंच! नवरा धडधाकट, हातात हिरवा चुडा... अहेवपणी जाण्याचं भाग्यसुद्धा त्यांनीच आधी पटकावलं. कोल्हापूरपर्यंत गाडीत रडत आले, आणि रडता रडता हेवा करत आले. आता महिना उलटून गेला. रडू ओसरलंय, हेवा तेवढा ताजा आहे.

रूपाचा हेवा मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच करून संपवला होता. खरा हेवा होता तो एका पेल्याचा. तिसऱ्या बाळंतपणानंतर आक्का पांढऱ्याफटक पडल्या, तेव्हा दवाखान्यातल्या मडमेनं सांगितलं, अंगात रक्त नाही, रोज संध्याकाळी अर्धा पेला तांबडी वाईन द्या. आमचे थोरले भावजी कँपातल्या पारशाच्या दुकानात गेले. फ्रान्सच्या बाटलीची किंमत ऐकून त्यांनाच घेरी यायची वेळ आली. तेव्हा पारशानं आतून दुसरी काढली. "ही ऑस्ट्रेलियाची न्या, साहेब. पैसा निम्मा, मजा पुरी." बाटली घरी आल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, तिचं गाव विचारलं. महाराजांच्या पागेत ज्या मुलखातनं घोडी येतात, तिथलीच ही, असं भावजी म्हणाले. "घोड्यांच्या मुलखातली? मग ताकद येणारच की!" आत्याबाईंनी परवानगी दिली. स्वस्त पडली, याचा आनंद वेगळाच.

आणि मग रोज दिवेलागणीच्या आधी आक्का सोप्यातल्या खिडकीशी बसायच्या. त्या वेळेला त्यांना कुणी हाक मारायची नाही. औषध चाललंय ना! मी चुलीपुढं भाकरी थापत असायची आणि मान वळवून बघत असायची. आधी पेला उजेडाकडं धरायच्या, मग हुंगायच्या, मग एवढासा घोट तोंडात घोळवत बसायच्या. सोबत मूठभर भाजक्या शेंगा. "धाकटे, काल उघडलेली बाटली आज जास्त ब्येस लागतीया बघ," असं वर मलाच सांगायच्या. "पिकल्या जांभळाचा वास येतोय. मागनं मिऱ्याचा चटका. आन शेवटाला... नव्या खोगिराचा!" रविवारी मटण असलं की त्यांचा निकाल ठरलेला. सुक्क्याबरोबर उत्तम, पांढऱ्या रश्शाबरोबर न्हाय जमत. आणि मला मिळायचा तो फक्त रस्सा.

पण आत्याबाईंचा एक नेम होता. जे गोड लागतं ते औषध नव्हे, ती चैन; आणि सुनांची चैन आमच्या घरात खपत नव्हती. एकदा पेला हातात घेऊन आपल्याशीच हसताना त्यांनी आक्कांना पाहिलं. "औषध घिऊन हसतीया ही? धाकटे, इकडं ये. तू चाख आन खरं सांग, कसं लागतंय त्ये."

आक्कांनी पेला माझ्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचं पुरतं बिंग माझ्या जिभेवर होतं. मी घोट घेतला... काय सांगू! जांभूळ, मिरं, खोगीर, सगळं अगदी सांगितल्यासारखं पोटात उतरलं, आणि कानांच्या पाळ्या ऊबदार झाल्या. गोड म्हटलं, तर बाटली उद्यापासून घरात येणार नाही. कडू म्हटलं, तर निदान वास तरी राहील. मी तोंड वाकडं केलं. "कडू जहर हाय, आत्याबाई! कडुनिंबाचा काढा परवडला."

"कडू हाय? मग गुणाचं. अर्ध्या पेल्यानं काय हुतंय, पेला भरून घेत जा गं थोरले!"

म्हणजे मीच बोलून त्यांचा पेला दुप्पट केला आणि माझा कायमचा पालथा घातला. कडू म्हणणारीनं पुन्हा मागायचं कुठल्या तोंडानं? आक्का अधूनमधून पेला पुढं करायच्या. "घेतीस का घोटभर?" मी हात पुसेपर्यंत तो मागं घ्यायच्या. "अगं, इसरलोच की! तुला कडू लागतंय न्हवं?" आणि खुदुखुदु हसायच्या. इतका राग यायचा... पण ज्या दिवशी त्या चिडवायच्या नाहीत, त्या दिवशी मला भाकरी गोड लागायची नाही.

आक्कांचं तेरावं झाल्यापासून आत्याबाईंनी अन्न टाकलं. मडमेनं येऊन पाहिलं आणि तीच वाईन लिहून दिली. परवा मी पेला भरून त्यांच्या हाती दिला. त्यांनी डोळे गच्च मिटून घोट घेतला. मग डोळे उघडले. दुसरा घोट घेतला, तो तोंडात घोळवला.

"धाकटे, ह्ये कडू हाय व्हय गं?"

मी खाली बघितलं.

"इतकी वर्सं दोघींनी मिळून मला फशिवलंसा!" त्यांचा आवाज चढला आणि मध्येच चिरकला. "थोरली हाय कुठं आता? कुनाला शिव्या देऊ?" डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं, तरी पेला मात्र त्यांनी तळापर्यंत रिकामा केला आणि पुढं धरला. "वत."

मी ओतलं.

"आन कुनी इचारलं तर कडू हाय म्हनायचं. तूच सांगायचं. तुला सवय हाय."

त्या खिडकीशी सरकून बसल्या. मी बूच लावायला गेले, तर बाटलीच्या गळ्यावरून ओघळलेला थेंब बोटाला लागला. आत्याबाईंची पाठ होती. मी बोट तोंडात घातलं... आणि माझ्यावर हसणारं कुणी आहे का, म्हणून इकडंतिकडं पाहिलं.