“बाई, ह्याला चारचौघांत वागायला शिकवा”

शाळेत वीस वर्षं काढली की किस्से गोळा करत बसावं लागत नाही. एक सांगायला घेतला की त्याच्या मागे दुसरा उभाच असतो.

माझी शाळा चाकणच्या पट्ट्यात, कुरुळीच्या बाजूला. पहिली ते चौथी. मुलांचे आईवडील बहुतेक कंपन्यांत कामाला. कुणी बीडहून आलेलं, कुणी लातूरहून, आणि थोडी गावातलीच जुनी घरं. पालकसभेत एक वाक्य दर वर्षी ठरलेलं, “बाई, ह्याला चारचौघांत वागायला शिकवा.” स्टाफरूममध्ये आमचं उत्तरही ठरलेलं, “अहो, हे घरी शिकवायचं असतं.” हा वाद अजून मिटलेला नाही.

एकदा आम्ही आठवडाभर ‘सॉरी’ आणि ‘थँक्यू’चा सराव घेतला. तिसऱ्याच दिवशी दुसरीतल्या ओंकारने शेजारच्या मुलाला स्पष्ट आवाजात सॉरी म्हटलं आणि मग त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी त्याला पुढे बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, “बाई, मी आधीच सॉरी म्हटलंय.”

दोन दिवसांनी ओंकारची आई आली. मला वाटलं, धपाट्याचं काही असेल. तिचे डोळे भरलेले होते.

“बाई, लेकराला काय शिकवलंत? भाकर वाढली तर मला थँक्यू म्हणालं. मी काय पाव्हणी हाय का त्याची?”

तिथेच व्हरांडा झाडत होत्या आमच्या कमलमावशी, शाळेच्या शिपाई, इथल्याच गावच्या. झाडू न थांबवता म्हणाल्या, “थँक्यू ऱ्हाऊ द्या. त्याला म्हनावं, जेवायच्या आदी इचार, आई तू जेवलीस का.”

मी ओंकारला तसं सांगितलं. पुढच्या आठवड्यात आई फाटकाशी थांबली होती. “इचारलं बाई त्यानं. मी न्हाई म्हणलं, तर ताट घेऊन आला माझ्यासाठी.”

कमलमावशींचं शिक्षण सातवीपर्यंत. पण वर्गात माझं डोकं चालेनासं झालं की मी अजूनही व्हरांड्यात जाते.

चौथीतली दोन मुलं एकदा आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हती. मी त्यांना समोर बसवून मैत्रीवर अर्धा तास बोलले. दोघांनी मान डोलावली आणि ती दोन दिशांना निघून गेली. मावशींनी त्यांना हाक मारली आणि हॉलमधली मोठी सतरंजी घडी करायला लावली. ती एकट्याने होत नाही. एकाने इकडे ओढली, दुसऱ्याने तिकडे. घडी वाकडी झाली. मावशींनी ती उलगडली आणि म्हणाल्या, “पुन्यांदा.” असं तीनदा झालं. चौथ्यांदा एक जण वैतागून म्हणाला, “अरे, तुझं टोक वर घे ना.” दुसऱ्याने घेतलं. घडी सरळ बसली.

मावशी माझ्याकडे वळल्या. “बाई, आता द्या तुमचं भाषन. आता ऐकत्याल.”

आता माझ्याच घरचं सांगते. आम्ही पिंपळे सौदागरला राहतो. माझी मुलगी लहानपणी सोसायटीत कुणाशी बोलायची नाही. लिफ्टमध्ये कुणी नाव विचारलं की ती माझ्या मागे. शेवटी मी तिच्या शाळेत गेले आणि तेच वाक्य म्हणाले, हिला चारचौघांत बोलायला शिकवा.

तिच्या बाई वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या. त्यांनी मुलीला विचारलं, “तुला कुठला खेळ आवडतो गं?”

मी म्हणाले, “लंगडी.”

“आणि डब्यात काय आवडतं?”

मी म्हणाले, “उपमा.”

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मॅडम, आता जरा थांबाल का?” आणि मुलीला तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी ओठ घट्ट मिटून बसले. मग आवाज आला, “मला उपमा आवडत नाही.”

तेव्हा मला त्या बाईंचा रागच आला होता. आज लेक हिंजवडीला नोकरी करते आणि कंपनीच्या कॅबमध्ये तिच्यापुढे कुणाला बोलायला मिळत नाही, असं तिच्या मैत्रिणी सांगतात. त्या बाईंचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

आणि हा मागच्या वर्षीचा. पालक-मेळाव्याच्या दिवशी दुसरीची मुलं दारात रांगेत उभी राहून प्रत्येक पालकाशी हात मिळवणार होती. आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, त्यांनी चार दिवस तालीम घेतली होती. उजवाच हात, नजर वर, “या, बसा.”

दुसरीतल्याच कावेरीचे वडील त्या दिवशी पहिल्यांदाच शाळेत आले. कंपनीत प्रेस मशीनवर त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती, तेव्हापासून ते लोकांत यायचं टाळत, हे तिच्या आईने मला सांगितलं होतं. मुलांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. कावेरी आत गाण्याच्या तयारीत होती. ते दारात आले, समोरची रांग पाहिली आणि जागीच थांबले. उजवा हात खिशात होता, तो निघेना. मागे फिरतात की काय, असं मला वाटलं.

रांगेत पहिली होती गावातली श्रावणी. तिचा उजवा हात पुढे आलेला होता. तिने त्यांच्या खिशाकडे पाहिलं, आपला हात मागे घेतला आणि डावा पुढे केला. “या, बसा.” त्यांनी डाव्या हाताने तो धरला. मग तिच्या पुढच्या मुलाने डावा हात पुढे केला, मग त्याच्या पुढच्याने. शेवटच्या मुलापर्यंत सगळ्यांनी डावाच हात दिला. ते आत जाऊन बसले.

त्यांच्या मागून आलेल्या पालकांनाही श्रावणीने डावाच दिला. मोठ्या बाई लगबगीने आल्या आणि हळूच म्हणाल्या, “अगं, डावा काय देतेस? काय शिकवलं होतं?”

श्रावणी रांगेतून न हलता म्हणाली, “बाई, आज डाव्या हाताचा दिस हाय.”