पाचवा नट

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवराबायको जीपचं डावं मागचं चाक खोलत होतो. सकाळी यवतमाळच्या बसस्टँडवर जायचं होतं, लेक येणार होती फुलसावंगीहून, वंदी, आणि त्या चाकात हवा टिकून नव्हती राह्यली. चार नट निघाले. पाचवा हलेना. पान्याच्या दांड्यात लोखंडी पाईप घातला आणि कौसल्या नेहमीसारखी चप्पल काढून पाईपावर उभी राह्यली, एक हात माझ्या डोक्यावर टेकवून. थोडी झुलली. रस्त्यानं दिवसभर कापसाच्या गाड्या गेलत्या, बाभळीच्या काट्यांले पांढरे पुंजके लटकून होते, उतरतं ऊन त्याच्यात अडकलं होतं... मी खाली उकिडवा बसून वर पाहिलं तर वाटलं, ही बाई जमिनीवरची नाहीच. अशीच हवेत उभी आहे कितीक वर्षांपासून. नट काही हलला नाही.

"उतर. पाईप वाकवशील," मी म्हटलं.

"मी वाकवीन? एवढा कसून ठेवला कोणं?"

मग उतरली, डिझेलची बाटली आणली आणि नटाच्या बुडाशी थेंब थेंब सोडत बसली. म्हणे, "राहू द्या आता. पिऊ द्या त्याले रातभर. सकाळी निघते, मग आपण दोघं जाऊ वंदीले आणाले."

तिची सकाळ झालीच नाही. झोपेतच गेली.

आता जलदानविधी होऊनही काही आठवडे झाले. वंदी म्हणे, बाबा, आईवर लिहा. मी चौथी शिकलेला माणूस, मले गाडीशिवाय काय येते? म्हणे, मग गाडीचंच लिहा.

तर गाडीचं. लग्न नवीन होतं तवा ही जुनी जीप घेतली, काळी-पिवळी म्हणून बाभुळगाव-यवतमाळ चालवाले. एकदा कौसल्याले बसवून एकटंच फिराले नेलं आणि रस्त्यात डावं चाक बसलं. तवा काही माहीत नव्हतं मले. मी जोर लावू लावू थकलो, मग तिले म्हटलं पाईपावर उभी राह्य. नवी नवरी, नवं लुगडं, उभी राह्यली बिचारी. मग हळूच उडीही मारली. जेवढी उडी मारे तेवढा नट घट्ट. मी नटाले शिव्या देऊन राह्यलो, जीपवाल्याले शिव्या देऊन राह्यलो. ती म्हणे, "अवो, मी त्या बाजूनं उभी राहून पाहू का?" मी म्हटलं, बाईमाणसाले काय समजते. ऐकते कुठं? पाईप पलीकडं फिरवला, पाय ठेवला, आणि कर्रकन नट सुटला. त्या जीपच्या डाव्या चाकाचे आटेच उलटे. आम्ही घंटाभर खोलाच्या नावानं कसतच होतो! रस्त्यातच बसून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तवापासून माझं नावच पडलं. मी कोणत्या गोष्टीवर अडून बसलो की म्हणे, "जाऊ द्या, उलटे आटे आहे ह्यांचे." पाहुण्यांसमोरही म्हणे. मग तिले माहीत होतं कोणत्या बाजूनं पाय ठेवाचा.

आणि मी नट कसताना पान्यावर चढून उड्या मारायचो. सवारी बसते, चाक निखळलं तर? ती बाजूले उभी राहून पाहे. "कसणारे तुमीच, खोलणारेही तुमीच. मग इतकं कायले?" मी म्हणायचो, खोलाले तू आहेस ना. हे बोलणं आमचं किती चाकांवर झालं असंल... ऊन, धूळ, डिझेलचा वास, आणि माझ्या डोक्यावर तिचा हात. आताही कधी बसल्या बसल्या डोकं जड वाटते.

त्या सकाळी शेजारच्या बाया आत तिच्यापाशी बसल्या होत्या. वंदी पहाटेच्या बसनं निघाली होती. फोनवर सांगू नका म्हटलं सगळ्यांले. अनोळखी लोकांत, एकटी, खिडकीशी बसून तिनं हे ऐकावं काय? पंक्चरवाला सलीम म्हणे, "चाचा, तुम्ही बसा. मी दुसऱ्या गाडीनं वंदीआपाले घेऊन येतो."

"कौसल्यानं मले सांगतलं होतं आणाले. तुले नाही."

मी अंगणात आलो. नटाभवती डिझेलचा काळा डाग पसरला होता. तिची चप्पल तिथंच. सलीमनं पाईप लावला, पाय उचलला. "मी उभा राहतो, चाचा."

"पाय काढ."

पाईपही काढला. नुसता पाना धरला, दात आवळले, आणि जोर लावाच्या आधीच नट फिरला. लोण्यात फिरावा तसा. मी तोल जाऊन मागं बसलो. "निघाला, कौसे," माझ्या तोंडून निघून गेलं. सलीमनं तोंड फिरवलं.

स्टेपनी चढवली. नट कसले. हातानं जेवढे बसते तेवढेच.

"चाचा, कसा ना अजून, नेहमीसारखे."

"बस झाले," मी म्हटलं. "खोलाले आता एकटाच आहो."

तिची चप्पल आत नेऊन ठेवली, पाईप तिच्या सीटखाली सरकवला, आणि वंदीले आणाले निघालो.