हात लावून बघा

आमच्या घरात सोफा आहे, पण त्याचा रंग कोणता हे कुणालाच माहीत नाही. दुकानातून आला तेव्हाचं प्लास्टिक अजून त्याच्या अंगावर आहे. रिमोट पिशवीत, फ्रिजच्या हँडलला टोपडं, आणि शोकेसमधली बाहुली तर माझ्या पोरांनी फक्त लांबूनच पाहिलेली! "हात लावायचा नाही" हे माझ्या तिन्ही लेकरांच्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य. (दुसरं : "सांगितलं ना एकदा!")

तर नाताळच्या सुट्टीत पुण्याचे साडू, समीरराव, आमच्या पिंप्राळ्याच्या घरी आले. मेहुणी भुसावळला माहेरी थांबली होती, पण सोबत त्यांचा मुलगा रेयांश होता. चहाचा पहिला घोट घेऊन साडू म्हणाले, "दिलीपराव, जळगावात मुलांना दाखवायला केळी आणि सोनं सोडून आहे तरी काय?"

माझं डोकंच सटकलं! या माणसाच्या तोंडून "हे पुण्यात नाही" असं वदवून घेतल्याशिवाय त्याला परत गाडीत बसू द्यायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

गावाबाहेर एक बालसंग्रहालय झालंय. तिथे म्हणे सगळं आपल्या हाताने करून बघायचं. मी मोबाईलवर वाचून वाचून कुठल्या वयाला काय झेपतं याचा सखोल अभ्यास केला आणि घरात नेमणुका जाहीर केल्या. नववीतली ईश्वरी कप्पीच्या दोरीने स्वतःलाच वर ओढणार, चौथीतला पार्थ पाइप बडवून सूर काढणार आणि धाकटी गुड्डी उंदराच्या बिळातून रांगत जाणार.

"अहो, पोरांना विचारा तरी," बायको म्हणाली.

"पोरांना काय कळतं त्यातलं?"

निघण्याआधी पाहुण्यांना भरीत-पुरी खाऊ घातली. साडूंना लाजवायचं म्हणून त्यांच्या प्रत्येक पुरीमागे मी दोन-दोन हाणल्या. (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.)

संग्रहालयाच्या दारातच बूट काढून ठेवले. आत मोठा फलक : 'कृपया हात लावा.' तो वाचायच्या आधीच रेयांश सुटला! हे फिरव, ते दाब, तिथे लोंबकळ.

"आम्ही त्याला कधी अडवत नाही," साडू कौतुकाने म्हणाले. "मुलांना एक्सप्लोर करू द्यायचं असतं."

आणि माझी तीन रत्नं? हात पाठीमागे बांधून भिंतीला चिकटलेली!

"पार्थ, वाजव ना पाइप," मी हळूच म्हणालो.

"नको पप्पा."

"अरे, हात लावला तर चालतं इथे."

"तुम्ही घरी गेल्यावर माराल."

मी हसलो. साडूही हसले. दोन्ही हसण्यांत बराच फरक होता.

"हात लावतो का देऊ एक ठेवून?" मी ओरडलो. अख्खा हॉल वळून बघायला लागला. हात लावला नाही म्हणून मार खायची वेळ आलेलं ते बहुधा पहिलंच पोरगं असेल!

तिकडे ईश्वरीने कप्पीची दोरी ओढणीच्या टोकात धरली, पुसली, आणि परत जागेवर ठेवली. गुड्डीने बिळासमोर भोकाड पसरलं. तिथली गाइड ताई म्हणाली, "सर, राहू द्या. तिला आवडेल ते ती स्वतः शोधेल."

"तुम्ही थांबा हो ताई. गुड्डी, बघ, पप्पा कसे जातात!"

बिळाच्या तोंडावर 'फक्त सहा वर्षांखालील मुलांसाठी' असं लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. (पण असे फलक परगावच्या लोकांसाठी असतात.) डोकं गेलं. खांदे गेले. मग भरीत आलं आणि गाडी थांबली.

"अगं ए!" मी हाक मारली. आवाज बिळाच्या पलीकडच्या तोंडातून निघाला, त्यामुळे बायको तिकडे धावली.

"काय करून राहिले तुम्ही आत?"

"अडकलो ना!"

"मुलांनो, पप्पांचे पाय धरून ओढा!" ताई ओरडली. कुणी हललं नाही. थोड्या वेळाने पार्थचा आवाज आला, "पप्पा, तुम्हाला हात लावू?"

मी काही बोलणार, तेवढ्यात धुळ्याकडच्या एका शाळेची सहल आत घुसली. मला फक्त त्यांची अहिराणी ऐकू येत होती.

"हाई काय शे रे भो?"

"पाय शेतस!"

"बोर्ड देख ना! हात लाई देख!"

आणि कुणीतरी माझ्या तळपायाला गुदगुल्या केल्या. मी जो किंचाळलो, तो थेट पलीकडून!

"आवाज उना! आवाज उना!"

पाय दाबला की आवाज येतो म्हटल्यावर झालं! रांगच लागली. त्यांच्या गुरुजींनी "ढकलाढकली करू नका, सगळ्यांना मिळेल," असं सांगून माझी उरलीसुरली आशा संपवली. आणि मग त्या गलक्यात मला ओळखीचं हसणं ऐकू आलं. पार्थ! पाठोपाठ ईश्वरी सगळ्यांना समजावत होती, "डाव्या पायाला बारीक आवाज येतो, उजव्याला जाड." गुड्डीने पलीकडून रांगत येऊन माझं नाक पिळलं आणि खिदळत सुटली. माझी तिन्ही पोरं एकाच गोष्टीत रमलीयत, हे मी जन्मात पहिल्यांदाच ऐकत होतो. खरं सांगतो, त्या अवस्थेतही मला फार बरं वाटलं. (डोळ्यांतलं पाणी मात्र गुदगुल्यांचंच होतं.)

शेवटी बिळाचं वरचं झाकण खोलून मला बाहेर काढलं. "संपलं एवढ्यात?" पार्थ हिरमुसून म्हणाला.

गाडीपाशी साडूंनी मुलांना विचारलं, "सगळ्यात जास्त काय आवडलं रे?"

"पप्पांचे पाय!" माझी तिन्ही ओरडली.

"मला पण, काकांचे पाय!" रेयांश म्हणाला. "बाबा, आपल्याकडे आहे का असं?"

साडूंनी हसून हसून ओले झालेले डोळे पुसले, माझा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून म्हणाले, "नाही रे बाळा. हे पुण्यात नाही!"