दंडाच्या हाडावरची खरबरीत जागा

माझ्या धाकट्या बहिणीला उजवा हात खांद्यातून उचलता यायचा नाही. ती अडीच वर्षांची होती तेव्हाची, म्हणजे साठीच्या दशकातली गोष्ट. आम्ही शिरोळला आजोळी गेलो होतो. उसाच्या मळ्यातल्या पाटाच्या कडेने चालताना तिचा पाय घसरला आणि आईने तिला एका हाताला धरून झटक्यात वर ओढलं. दुसऱ्याच दिवशी तिला सडकून ताप आला. ताप उतरला, पण हात लोंबकळत राहिला. बोटं हलायची, मूठ वळायची. खांदा काही केल्या उठेना.

वडील एसटीच्या वर्कशॉपात कामाला होते. कोल्हापूरला परतल्यावर त्यांनी तिला राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. हा पोलिओ आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने ते ऐकून घेतलं, पण आपण हात ओढला म्हणून हे झालं, असंच तिने मनाशी धरलं. रोज ती बहिणीच्या दंडाला तेल चोळायची. एकदा चोळता चोळता पुटपुटली, "माझ्या हातानं वाटूळं झालं पोरीचं." तिच्या मनात काय आहे ते मला तेव्हा कळलं.

बहीण मोठी होत गेली तसा तिचा खांदा वाळत गेला. वरून बघितलं तर हाडाचं टोक कातडीखाली दिसायचं. उजवं कोपर गुडघ्यावर टेकवून ती जेवायची. वेणी आई घालायची.

पुढे मी आयुर्वेदाच्या कॉलेजात गेले. पहिल्याच वर्षी शरीररचनेच्या तासाला दंडाचं हाड हातात आलं. वर गोल डोकं, मधे नळी, खाली कोपराचा सांधा. नळीच्या बाहेरच्या अंगाला साधारण मध्यावर एक खरबरीत उंचवटा असतो. खांद्यावरून त्रिकोणात उतरणारा स्नायू तिथे येऊन घट्ट चिकटतो आणि तोच हात बाजूला उचलतो. कोपर वाकवणारा एक स्नायू त्याच्या खालून, हाडाच्या पुढच्या बाजूने निघतो. बहिणीचा तो शाबूत होता, वरचा गेला होता. सर पुढचं सांगत होते, पण माझं लक्ष त्या उंचवट्यावरच होतं.

सरांना विचारून मी ते हाड घरी आणलं. माणसाचं हाड घरात नको म्हणून आई ओट्यावर आली. मी तिला सगळं समजावलं. हात ओढल्याने सांधा निखळला असता, हाड मोडलं असतं. यातलं काहीच झालं नव्हतं. तापाने नसा मेल्या, म्हणून स्नायू वाळला. आईने भीत भीत त्या जागेवरून बोट फिरवलं.

"एवढीशीच जागा व्हय?" ती म्हणाली. मग हाड माझ्याकडे देत म्हणाली, "ह्याला काय ठावं, कुणी वढलतं ते." आणि हात धुवायला आत गेली.

बहीण बारा वर्षांची झाल्यावर एका सर्जनने शस्त्रक्रिया सुचवली. मानेकडून खांद्यावर येणाऱ्या धडधाकट स्नायूचं टोक सोडवून ते दंडाच्या हाडाला, डोक्याच्या जरा खाली, जोडायचं. शस्त्रक्रिया झाली. हात बाजूला ताठ उभा करून छातीपासून प्लास्टर घातलं होतं. त्या अवस्थेत तिला कुशीवर वळताही यायचं नाही. आई रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून असायची. प्लास्टर निघालं आणि कित्येक महिन्यांच्या व्यायामानंतर हात छातीपर्यंत उठायला लागला. डॉक्टर म्हणाले, एवढ्याचीच आशा होती. वडिलांना आनंद झाला. आईला मात्र तो डोक्यापर्यंत जायला हवा होता. ती फणी घेऊन वेणी घालायला बसली.

बहिणीचं लग्न जमलं नाही. ती बालवाडीत शिकवायला लागली. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहायची. पोरांना तेवढं पुरायचं.

नव्वद सालाच्या सुमारास आई आजारी पडली, ती उठलीच नाही. एका दुपारी आम्ही दोघी तिच्याजवळ होतो. तिने बहिणीचा उजवा हात धरला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला सांगितलं, "तुझा हात म्या वढलता. पाटावर."

मी नेहमीसारखं समजवायला तोंड उघडलं. बहिणीने नजरेनेच मला गप्प केलं.

"व्हय आई, तूच वढलतास," ती म्हणाली. "पर मी कवाच माफ केलंय तुला."

आई हमसून हमसून रडली, मग शांत झोपली. त्याच आठवड्यात ती गेली.

दिवस घातल्यावर मी बहिणीला म्हटलं, तू खोटं का बोललीस? ती म्हणाली, खरं काय ते तू वीस वर्षं सांगतच होतीस की. मला राग आला. न केलेला गुन्हा कबूल करून आई गेली, ही टोचणी मला अजून आहे. बहिणीला तसं वाटत नाही.