गाडीभाड्याचं खातं

धनश्री बी.कॉम. झाली त्याच वर्षी तिचं लग्न झालं, आणि शिकलेला हिशेब पुढं कितीतरी वर्षं दूधवाल्यापलीकडे गेला नाही. धाकटा शाळेत जाऊ लागला तेव्हा गेवराई तालुक्यातल्या एका खासगी शाळेत तिला कारकुनाची जागा मिळाली. आलेले पैसे कॅशबुकात लिहायचे, तिथून खतावणीत त्या त्या खात्यावर चढवायचे. शिक्षण फी, परीक्षा फी, गाडीभाडं. काम सरळ होतं, पण तिच्या जिवाला चैन नसे. कपाटाला कुलूप लावलं की नाही हे बघायला ती थांब्यावरून परत येई.

दिवाळीनंतर मुख्याध्यापक मोहनरावांनी खतावणी चाळली.

"उमापूरच्या पुढच्या वस्तीची गाडी एक तारखेपासून बंद. डिझेल जातंय आणि भाड्याचा रुपया नाही."

वस्ती मेंढपाळांची. गाडी गेली की मुली घरी बसणार, हे कुणी सांगायला नको होतं.

निरोप पोचताच बायनाबाई आली. आठवीतल्या अंजूची ही आजी. मेंढे विकले की घरोघरचे पैसे गोळा करून सगळ्या पोरींचं तीच एकदम भरायची.

"गाडी कावून बंद करता वो ताई?"

"भाडंच आलं नाही म्हणतात, मावशी."

"तुमच्याच हातात दिलं की जूनमंदी. तुमी पाणी बी पाजलं. का त्या पाण्याचं भाडं कापून घेतलं?"

धनश्रीनं पावतीपुस्तक काढलं. तिच्याच अक्षरात नुसतं 'फी' लिहिलेलं, पुढं एकच रक्कम. आणि खतावणीत ती सगळी शिक्षण फीवर चढवलेली. बेरीज दोन्हीकडे जुळत होती, म्हणून कुणालाच शंका आली नाही. पैसा कुठं गेला नव्हता, भलत्याच खात्यात जाऊन बसला होता.

तिला कायम करायचं की नाही, ते मार्चमध्ये मोहनरावच ठरवणार होते. गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. समोर बायनाबाई पदरानं तोंड पुसत बसली होती.

"मावशी, कुठल्या कुठल्या पोरींचं भाडं होतं, नावं सांगा."

बायनाबाई सांगत गेली, ती लिहीत गेली. मग कागद घेऊन आत गेली.

"सर, चूक माझी आहे. वस्तीच्या जूनच्या पावतीतलं बरंचसं गाडीभाडं होतं, मी सगळं शिक्षण फीवर चढवलं. दुरुस्तीची नोंद लिहून आणलीय. शिक्षण फीतून एवढे कमी, गाडीभाड्यात एवढे जमा."

मोहनरावांनी कागद वाचून खाली ठेवला. "म्हणजे मॅडम, तुमच्यापायी मी पोरींची गाडी बंद करत होतो."

"हो सर."

त्यांनी स्वतः बेरीज करून पाहिली. "तरी डिझेल पुरतं निघत नाही."

"बरंच निघतंय, सर."

त्यांनी सही केली. "मार्चपर्यंत चालू द्या, पुढं बघू. आणि यापुढं पावतीवर एकेक खातं वेगळं लिहायचं. चूक स्वतः सांगितलीत, हे बरं केलंत."

बाहेर येऊन तिनं सांगितलं, तशी बायनाबाई उठली.

"चालू हाय ना? मग गाडीला खाली एक पायरी बी बसवा म्हणावं. बारक्या पोरींचा पाय पुरत न्हाई."

"त्याला अर्ज लागेल, मावशी."

"लिवा की मग. सही आमची अंजू करंल, तिला येती."