मुजीब सरांचा स्कोअर

डॉ. मुजीब सर माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी हात. लातूरच्या आमच्या कॉलेजात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाले, तेव्हा नमस्काराला जोडलेल्या माझ्या हातांकडे बघत त्यांनी विचारलं, "मॅडम, ही करंगळी विळीवर कापली होती का?" होती, लहानपणी. ती पूर्ण सरळ होत नाही हे आजवर घरातही कुणी पाहिलं नव्हतं.

सर हातांचे सर्जन. सोयाबीन काढताना विळा लागलेले, कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये सापडलेले हात त्यांच्याकडे यायचे. बोट ओढणारी जी कंडरा असते, तिला आमच्याकडे सरसकट नस म्हणतात. ती शिवणं हे निम्मंच काम. नंतर बोट हलवलं नाही तर ती चिकटते, आणि फार हलवलं तर तुटते. त्यात आमची माणसं एक तर भीतीनं हात गळ्यात अडकवून बसणार, नाही तर कुणाकडून तरी तेल लावून चोळून घेणार. सर औशाचे, बोलणंही औशाच्या बाजारातलं. पेशंटला म्हणायचे, "शिवून मी दिलं, चालवायचं तुलाच हाय. लई जोर न्हाई लावायचा. बोटाला नुसतं म्हणायचं, ये बाबा, जरा ये."

हे शिकवायला आम्हाला एक लहानशी खोली होती. तिथे टेबल, दोन खुर्च्या आणि शांतता, एवढंच लागायचं. पण भोकरचा मजूर दर आठवड्याला लातूरला कसा येणार? म्हणून सरांनी स्वतःच्या हातावर व्यायाम करून दाखवला, मी मोबाइल धरला, आणि ती क्लिप पेशंटना व्हॉट्सॲपवर पाठवली. ती कुठल्या कुठे गेली. एकदा इस्लापूरची एक बाई आली. तिची नस दुसऱ्याच दवाखान्यात शिवलेली, आणि बोटं मात्र छान वळत होती. सर बोलले तशी म्हणाली, "मोबाइलमधले डाक्टर तुम्हीच का? आवाजावरून वळखलं." सर दिवसभर खुशीत होते. पुढे या घरच्या व्यायामावर त्यांनी पेपर लिहिला, तो छापूनही आला.

मग नवे डीन आले, आणि त्यांच्याबरोबर स्कोअर आला. कुणाच्या संशोधनाचा किती जणांनी उल्लेख केला, ऑनलाइन किती चर्चा झाली, त्यावर कुणाला कुठली खोली ते ठरणार. आमच्याच विभागातल्या डॉ. समीरनी एक पेपर लिहिला होता: कंडरांच्या दुखापतीवरचे कुठले पेपर जगात जास्त गाजले, कुठले जास्त शेअर झाले, याची मोजदाद. कंडरा शिवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण पेपरांवरचा त्यांचा पेपर दणक्यात चालला. सरांच्या पेपरापुढे ऑनलाइनच्या रकान्यात शून्य होतं.

मीटिंगमध्ये मला राहवलं नाही. म्हटलं, सरांची क्लिप अख्ख्या मराठवाड्यात फिरतेय. डीन म्हणाले, "व्हॉट्सॲप धरत नाहीत, मॅडम. पेपरची लिंक शेअर झाली तरच मोजतात." समीर म्हणाले, "मग पेशंटना लिंक टाकायला सांगा की."

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, ज्याचं बोट वळलं तो कामाला जातो. तो लिंक कशाला टाकंल?" कुणीतरी हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण करते काय?

खोली समीरच्या रिसर्च सेलला गेली. एसी बसला. आम्हाला व्हरांड्याच्या टोकाला एक बाक मिळाला. सर डीनकडे गेले आणि म्हणाले, "दारावर पाटी कुणाची बी लावा, खोली तेवढी द्या." नाही मिळाली. मग त्या बाकावर, बाजूनं स्ट्रेचर जात असताना, सर ओरडून ओरडून पेशंटला हळू बोट हलवायला शिकवायचे. निवृत्त होईपर्यंत हेच चाललं. नंतर वर्षही झालं नाही, औशालाच झोपेत गेले.

बातमी कळताच त्यांचे जुने विद्यार्थी कुठून कुठून जागे झाले. जो तो सरांचा पेपर लिंकसकट टाकू लागला, खाली हात जोडलेले. इतकी वर्षं कुठे होता रे बाबांनो? स्कोअर सरसर चढला.

डीननी मला बोलावलं. तपासणीसाठी बाहेरून लोक येणार होते, त्यांना दाखवायच्या स्लाइडवर सरांचा पेपर सगळ्यात वर. "त्या खोलीतला सरांचा पेशंटबरोबरचा एखादा फोटो द्या," ते म्हणाले, "बॅकग्राउंड जरा बरं असलेला."

मी विचारलं, "मग आता आमची खोली परत मिळेल ना, सर? स्कोअर तर झाला."

"तो विभागाच्या नावावर धरलाय," ते म्हणाले. "त्याच जोरावर रिसर्च सेलला वाढीव जागा मंजूर झाली. व्हरांड्याच्या टोकाला पार्टिशन घालतोय."

फोटो मी पाठवून दिला. बाक कुठे हलवायचा, एवढंच विचारलं. ते बघून सांगतो म्हणाले.